भोंग्याखालची हजेरी

दळवीकाकांना मी कधी निवांत बसलेलं पाहिलं नाही. खुर्चीत ते असायचे, पण कडेला टेकलेले. कुठल्याही क्षणी कोणीतरी 'आग' म्हणून ओरडेल आणि आपल्याला धावावं लागेल, असा एकूण पवित्रा. खिशात ओव्याची डबी आणि लाल पेन, मनगटावर आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ. बोलता बोलता ते मनगट उलटं करून वेळ बघायचे, आणि जी काही वेळ झालेली असेल तिने त्यांना नेहमी थोडा धक्काच बसायचा.

भांडुप आणि कांजूरमार्गच्या मध्ये, गिरण्यांना लाकडी बॉबिन पुरवणारा एक जुना कारखाना होता. गिरण्या गेल्या, मागोमाग तोही गेला. नव्या मालकांनी आवारात काचेची ऑफिसं उभी केली, पण पुढची दगडी इमारत आणि तिचा उंच मनोरा वारसा म्हणून नोंदलेला असल्याने त्यांना पाडता आला नाही. मनोऱ्याच्या टोकाला कारखान्याचा भोंगा तसाच राहिला. मी या आवाराच्या व्यवस्थापनात आहे. लिफ्ट, पाणी, पार्किंग, पार्किंगवरून होणारी भांडणं, हे सगळं माझ्याकडे. तळमजल्यावरचं जुनं टाइम ऑफिस जसंच्या तसं ठेवून तिथे जुन्या वस्तू मांडायच्या असं ठरलं, तेव्हा त्या वस्तूंबरोबर दळवीकाकाही आले. हयातभर ते त्याच खोलीत हजेरी घेत होते आणि भोंगा वाजवत होते. मालकांना वाटलं, माहिती सांगायला बरे पडतील.

माहिती ते सांगत, पण त्यांच्या पद्धतीने. त्यांना माणसांची नावं आठवत नसत, पितळी बिल्ल्यांचे नंबर आठवत. पेपरात कोणाच्या तेराव्याची बातमी दिसली की म्हणायचे, "सातशे नऊ गेला बघा. दुसऱ्या पाळीचा होता. कधी खाडा नाही." गैरहजेरीला ते शेवटपर्यंत खाडाच म्हणत. मला एकदा तापामुळे दोन दिवस यायला जमलं नाही, तर तिसऱ्या दिवशी दारातच म्हणाले, "मॅडम, दोन खाडे." मी त्यांची वरिष्ठ होते, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. काही दिवसांनी माझ्याही राहिलं नाही.

काळजी हा त्यांचा खरा धंदा. दहाला यायचं तर नऊला यायचे. कुलूप लावून तीनदा ओढून बघायचे, मग वॉचमनला ओढून बघायला लावायचे, आणि गेटपर्यंत जाऊन परत यायचे. मी मुलुंडला घरी पोचले की फोन. "पोचलात ना? नाही, सहज." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "घात एका मिनिटाचो असता." एरवी शहरी मराठी बोलणारे काका हे वाक्य मात्र मालवणीतच म्हणायचे. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. पण काळजी ही सर्दीसारखी असते. सहा महिन्यांत मीही घराचं कुलूप दोनदा ओढून बघायला लागले.

त्या एका मिनिटाची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही खिडकीकडे बघत. त्यांचा धाकटा भाऊ वसंत याच कारखान्यात होता. बिल्ला नंबर अकराशे सत्त्याऐंशी, आणि कायमचा उशिरा येणारा. एका सकाळी काका टाइम ऑफिसच्या खिडकीत भोंग्याच्या दांड्यावर हात ठेवून उभे होते. रस्त्यापलीकडून वसंता धावत येताना दिसला. घड्याळात वेळ झाली. काकांनी दांडा ओढला, भोंगा झाला, गेट बंद झालं. वसंता गजांना धरून ओरडत होता, "झील झालो रे, माका झील झालो." बायकोला रात्रीच हॉस्पिटलात नेलं होतं, पहाटे मुलगा झाला होता, आणि तो तिथूनच धावत आला होता. उशीर एका मिनिटाचा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. खाडा मांडला. भावासाठी थांबलो असतो तर उद्या साडेतीनशे लोकांनी विचारलं असतं, आमच्यासाठी का नाही?" ओव्याची डबी उघडून त्यांनी परत बंद केली. "दोन वर्षं बोलला नाही माझ्याशी. नंतर बोलायला लागला. पण लग्नाकार्यात बोलतात तसं."

वसंतकाका कारखाना बंद पडल्यावर कणकवलीजवळच्या गावी निघून गेले होते. बंद पडण्याची तऱ्हाही विचित्र होती. सकाळची पाळी आत घेतली आणि दुपारी नोटीस लावून माणसं मागच्या दाराने बाहेर काढली. सुटीचा भोंगा वाजवू दिला नाही. काकांना हे फार लागलं होतं. "आमची शेवटची पाळी अजून सुटलेली नाही, मॅडम," असं ते म्हणायचे, आणि त्यात गंमत नसायची. टाइम ऑफिसात आल्यापासून त्यांचा एकच ध्यास होता: तो भोंगा एकदा वाजवायचा. वाफ गेली तर गेली, हवेवर वाजवू. दोन वर्षं खटपट करून, जुन्या फिटरांना फोन करकरून, त्यांनी कॉम्प्रेसर जोडून घेतला, मनोऱ्यावर जाणारी तार बदलली, दांड्याला नवी पिन बसवली. डिसेंबरात एकदा चाचणी घेतली तेव्हा समोरच्या चाळीतल्या म्हाताऱ्या गॅलरीत आल्या होत्या. मालकांच्या मुलाला, म्हणजे आमच्या साहेबांना, हे आवडलं. एक मेला जुन्या कामगारांचा मेळावा घ्यायचा आणि दळवींनी भोंगा वाजवायचा, असं ठरलं. काकांनी त्या दिवशी पेढे वाटले आणि लगेच, मेळाव्याला पाऊस पडला तर, अशी काळजी सुरू केली. मे महिन्यात.

पाऊस राहिला बाजूला. फेब्रुवारीत मनोऱ्यावर ससाणे आले.

माझी खिडकी पाचव्या मजल्यावर, मनोऱ्याच्या अगदी समोर. भोंग्याच्या खाली हातभर अंतरावर दगडी कोनाडा आहे, त्यात खडी आणि कबुतरांची घाण साठलेली. तिथे एक काळपट पाठीचा, तांबूस पोटाचा पक्षी मालकासारखा बसलेला दिसला. घाटकोपरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या ओळखीच्या एक बाई सुटीच्या दिवशी पक्षी बघत फिरतात. त्यांना बोलावलं, काकाही वर आले. त्यांनी दुर्बीण लावली आणि त्यांचा आवाजच खाली आला. म्हणाल्या, हा बहिरी ससाणा, त्यातली आपल्याकडची जात, शाहीन. कड्यावर अंडी घालतो. याला तुमचा मनोरा कडा वाटलाय. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "फक्त एक करा. पिल्लं झाली की उडेपर्यंत सहा आठवडे इथे मोठा आवाज नको. घाबरून अर्धवट पिसांची पिल्लं उडी मारतात आणि खाली पडून मरतात."

काकांनी ओव्याची डबी काढली. त्यांच्या काळजीला आजवर गॅस, कुलूप, लिफ्ट असं किरकोळ काम मिळत होतं. आता तिला पूर्ण वेळची नोकरी लागली.

दुसऱ्या दिवसापासून ते बाईंची दुर्बीण घेऊन माझ्या खिडकीत. टाइम ऑफिसातल्या कपाटातून एक कोरं मस्टर काढून आणलं आणि ससाण्यांची हजेरी सुरू केली. मोठी मादी दिवसभर अंड्यांवर, म्हणून ती पहिली पाळी. लहानखुरा नर शिकार आणणार, म्हणून तो फिरती पाळी. दोघांना बिल्ले दिले. मादीला पाचशे बारा. ती कोणाची आठवण, ते सांगितलं नाही. नर सकाळी शिकार घेऊन यायला फार वेळ लावायचा. मादी मान वळवून वळवून ओरडायची, काका खिडकीत ओवा चघळायचे. चौथ्या दिवशी त्यांनी नराच्या नावापुढे लिहिलं: अकराशे सत्त्याऐंशी. शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनाने 'उशीर'. मी बघतेय हे कळल्यावर म्हणाले, "नंबर रिकामा होता."

रविवारी मी नसायचे, पण काका यायचे. वॉचमनकडून माझी केबिन उघडून घ्यायचे. "पाखरांना कुठे वीकली ऑफ असतो?" हे त्यांचं म्हणणं.

पंचवीस मार्चला मादी काहीतरी बारीक बारीक फाडून खाली भरवताना दिसली. तीन पांढरे कापसाचे गोळे. काकांनी तारीख लिहिली, बोटं मोजली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "तीस एप्रिलला उडतात. मेळावा एकला. एक दिवस हातात आहे." एक दिवस हातात आहे म्हणून त्यांना त्या रात्री झोप लागली असावी. मी हिशेब तपासला नाही. वेळेच्या बाबतीत दळवींना तपासणं म्हणजे आचाऱ्याला मीठ विचारणं.

एप्रिलभर त्यांनी मनोऱ्याची राखण केली. निमंत्रणपत्रिकेसाठी ड्रोनने मनोऱ्याचा फोटो काढायला एक फोटोग्राफर आला. काकांनी त्याला अडवलं नाही. त्याच्याकडे परवानगीचं पत्र मागितलं. ते मिळालं, तर त्यावर शिक्का नव्हता. शिक्का आला, तर यंत्र आत न्यायचा गेटपास वेगळा लागतो. गेटपास लिहायला त्यांनी जुनी पद्धत वापरली, तीन प्रती, मध्ये कार्बन. तो पास हातात पडेपर्यंत ऊन उतरलं होतं. "काका, हे काय टाइमपास लावलाय?" तो बिचारा म्हणाला. "टाइम ऑफिस आहे हे," काका म्हणाले. तो गेला, आणि मग काका जिन्यात बसून घाम पुसत राहिले. त्यांना खोटेपणा जमत नव्हता.

अठ्ठावीस एप्रिलला सकाळी मी पोचले तर ते खिडकीत उभे, दुर्बीण हातात लटकलेली.

"मॅडम, तिघांच्या डोक्यावर अजून कापूस आहे. पंख पसरवतात, पण कोनाडा सोडत नाहीत. परवा उडायचीत."

मी मस्टर ओढून घेतलं. पंचवीस मार्चच्या पुढे छत्तीस चौकोन आखलेले होते. शेवटच्या चौकोनात शिसपेन्सिलीने बारीक पाखरू काढलेलं.

"काका, छत्तीस कसे?"

"सहा आठवडे. सहा सक छत्तीस."

उभ्या आयुष्यात त्यांचा आठवडा सहा हजेऱ्यांचा होता. रविवार कधी मस्टरात आलाच नव्हता. इथे मात्र त्यांनी रविवारीही येऊन हजेरी मांडली, आणि आठवडे जुन्या मापाने मोजले. म्हणजे सहा दिवस कमी. पिल्लं सहा मेच्या आत उडणार नव्हती.

"आठवडा सात दिवसांचा असतो, काका," मी शक्य तितक्या हळू म्हणाले.

ते खुर्चीत बसले. त्या दिवशी प्रथमच मागे टेकून बसले, आणि ते बघवलं नाही.

दुपारी आम्ही साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नाही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दळवी, दोन मिनिटांचा आवाज. कोकणातून दोन बस भरून लोक येतायत फक्त या भोंग्यासाठी. तुम्हीच माझ्या मागे लागला होतात ना? पत्रिका गेल्या. काही होत नाही हो, पक्षी आहेत, उडून जातील."

"मोठी उडतील, साहेब. लहान पडतील."

"बघू," साहेब म्हणाला. त्याच्या बघूचा अर्थ आवारात सगळ्यांना माहीत होता. मी तिथेच होते. मी आणखी चार वाक्यं बोलायला हवी होती. मी पार्किंगच्या कूपनांचा विषय काढला. याची लाज मला अजून वाटते.

पुढचे दोन दिवस काका कुलूप लावून ओढूनही बघत नव्हते. संध्याकाळी मला फोनही आला नाही, आणि मीच काळजीत पडले. एवढ्या वर्षांचा ध्यास आणि तीन पिल्लं, यांतलं काय धरायचं, हे मी त्यांना विचारू शकत नव्हते. मला उत्तराची भीती वाटत होती.

एक मेला सकाळी अंगण भरलं. झेंडावंदन झालं. म्हातारे एकमेकांना मिठ्या मारत होते, "अरे तू जिवंत आहेस होय," असं चाललं होतं. काका इस्त्री केलेल्या खाकी शर्टात टाइम ऑफिसच्या खिडकीत उभे होते. गेटाच्या अगदी आत, गजांना पाठ लावून, काठी टेकलेला एक उंच म्हातारा उभा होता. खुर्ची दिली तर नको म्हणाला. "माका हयसरच उभो रवांदे. भोंगो होताना मी आत आसंय, ह्या एकदा बघूचा हा." त्याच्या हातात पितळी बिल्ला होता. मला नंबर वाचायची गरज पडली नाही.

साहेबाने माइकवरून खूण केली. अंगण गप्प झालं. मी मान वर केली. कोनाड्याच्या कडेला तीन डोकी ओळीने खाली बघत होती. काकांनी दांडा ओढला.

काही झालं नाही.

त्यांनी पुन्हा ओढला. दांडा खाली-वर झाला, नुसता खुळखुळला. मागे कॉम्प्रेसर घरघरत राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, "दळव्या, वाट लागली काय रे भोंग्याची?" हशा झाला. तो वाईट हेतूने नव्हता, पण थांबता थांबेना. काका खिडकीतून बाहेर आले, हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा. माझं चुकलं. पिन तुटली. आज नाही होणार." आयुष्यात एकदाही न चुकलेला माणूस ज्यांची हयातभर हजेरी घेतली त्या लोकांसमोर उभा राहून हे सांगत होता. जोडलेल्या हातांतली डावी मूठ घट्ट मिटलेली होती. मी जवळ होते, म्हणून बोटांच्या फटीतून मला लोखंड दिसलं.

लोक जेवायला वळले. वसंतकाका काठी टेकत आले. मला वाटलं, आता भांडण होणार.

"तुझो भोंगो कधी चुकाक नाय," ते म्हणाले. "मी आत आसलंय त्या दिवशीच बरो चुकलो."

काकांनी गळ्यातली दुर्बीण काढून भावाच्या हातात दिली आणि बोट वर केलं. नेमका तेव्हाच नर आला, पंज्यात कबुतर, आणि तिन्ही पिल्लांनी कालवा केला.

"तो बघ. अकराशे सत्त्याऐंशी."

वसंतकाकांनी दुर्बीण खाली घेतली. "माझो नंबर?"

"होय."

"उशीर करता?"

"रोज."

"मगे? खाडो मांडतस?"

काकांनी मूठ उघडली. आत पिन होती, अख्खी, तेल लावलेली. "नाय," ते म्हणाले. "मी थांबतंय."

बस संध्याकाळी गेल्या. वसंतकाका गेले नाहीत. भावाच्या खोलीवर राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणात दोन खुर्च्या आल्या.

पहिलं पिल्लू सहा मेला उडालं, दुसरं सातला. दोन्ही वेळा काकांनी बघितलं नाही. त्यांना बघवेचना. तिसरं आठ तारखेला सकाळपासून कडेवर येऊन पंख हलवत होतं. मी वर खिडकीत होते. खाली काका मनोऱ्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभे. शेजारी वसंतकाका दुर्बीण लावून. खिडकी उघडी असल्याने मला ऐकू येत होतं.

"उडाला काय?"

"थांब."

"उडाला काय रे?"

"थांब म्हटलंय ना."

ते पिल्लू कडेवरून सुटलं. दगडासारखं खाली गेलं, मग पंख उघडले, कसंबसं वळलं आणि कँटीनच्या पत्र्यावर धडपडत जाऊन बसलं. बसलं आणि अंग झाडलं. मी ओरडून सांगणार होते. पण वसंतकाकांनी दुर्बीण खाली घेतली होती आणि ते काही बोलत नव्हते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि बघत राहिले. काका तसेच डोळे मिटून, मूठ आवळून उभे. मीही गप्प राहिले.

दळवीकाकांना मी शेवटचं पाहिलं ते असं. त्याच दुपारी भाऊ त्यांना गावी घेऊन गेला, आणि मला खाली उतरायला उशीर झाला.

अंगणात बरोब्बर एक मिनिट झालं. वसंतकाकांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"उडाला," ते म्हणाले.